उंच, सडपातळ, हळू बोलणारा तरुण

—न्हाय, मास्तर, तुम्ही चुकलासा असं मी कुठं म्हणतोय, मी आपलं विचारतोय. हे बघा — 'टॉल' लिवलंय, त्याच्यापुढं ही खालची शेपटी, तुमचा तो स्वल्पविराम. मग 'थिन', पुन्हा शेपटी. मग 'सॉफ्ट-स्पोकन', म्हंजे हळू बोलणारा — आन् त्याच्यापुढं काय? काय न्हाय. कोरं. सरळ 'यंग मॅन'. दोघांना शेपटी दिली, मग तिसऱ्यानं काय घोडं मारलं? — बसा की, उभं कशाला. हितं नको, हितं मुंगळं हायत. गुळाच्या पेढीवर गिऱ्हाइकापरीस मुंगळं जास्त, आन् ती घासाघीस करत न्हाईत एवढंच बरं. इकडं या, लोडाला टेका. चहा सांगितलाय. गुळाचाच मिळंल हां, साखर ह्या उंबऱ्याच्या आत येत न्हाय, वडलांनी घालून दिलेला नेम हाय. — तर हा कागद. आमचा धाकटा भाऊ सिद्धराम घरातनं गेला त्याला आज एकवीस दिवस झालं. त्याची बायको, आमची महादेवी, थोरल्या दिराला एका शब्दानं न विचारता डोईवर पदर घेऊन तुमच्या दारात येती, आन् तुम्ही हायस्कुलातलं मास्तर, दयाळू माणूस, तिला बेपत्त्याची जाहिरात लिहून देतासा — ती बी इंग्रजीत, मुंबईच्या पेपरासाठी. का, तर इस्पितळातली, ठाण्यातली माणसं इंग्रजी पेपर वाचतात. खरं हाय. आन् पेपरवाला म्हणतो, घरच्या कर्त्या पुरुषाची सही असल्याबिगर छापणार न्हाय. म्हणून तुमचं पाय आमच्या पेढीला लागलं, न्हायतर शाहूपुरीच्या गूळबाजारात मास्तर लोक कशाला येतात? — करतो की सही. महालिंगानं सही नाकारली असं कुणी म्हणायचं न्हाय. फक्त ज्याच्याखाली सही करायची ते मला कळाय पायजे. न कळलेल्या कागदावर मी जन्मात सही केलेली न्हाय. म्हणून म्हणतो, ह्या शेपटीचं तेवढं समजावून सांगा.

हसू नका. माझी शाळा मराठी चौथीत सुटली. सिद्धरामाला मी मॅट्रिकपातूर शिकवला, त्याला कोट शिवला, पण मी स्वतः इंग्रजी शिकलो ती स्टेशनावर, मालधक्क्याला. वॅगनी भरताना तासन्‌तास उभं राहायला लागायचं, आन् डब्यांच्या अंगावर, पेट्यांच्या अंगावर अक्षरंच अक्षरं. तितं एक गूड्स क्लार्क होता, मद्रासकडचा, तंबाखूचा शौकी. त्याला रोज एक पुडी द्यायची आन् एक शब्द घ्यायचा. 'फ्रॅजाइल' — फुटंल. 'पेरिशेबल' — नासंल. 'हँडल विथ केअर' — जपून धरा. माझं समदं इंग्रजी असं, मास्तर: काय फुटंल, काय नासंल, काय जपून धरायचं. तेवढ्या भांडवलावर मी कराचीच्या एका कंपनीला पत्र लिवलं, फाळणीच्या आधीची गोष्ट. आमच्या गुळाची तारीफ, एका दमात, शेपटी न्हाय, श्वास न्हाय — गुड बेस्ट यलो हार्ड स्वीट न्यू क्लीन बिग ड्राय फर्स्ट कोल्हापूर गूळ. तिकडनं उत्तर आलं: आपले गुण पोहोचले, माल कधी पोहोचेल? — व्हय, हसा, मी बी हसलो, दोन दिवसांनी. पण तवापासनं एक धडा घेतला. मालाचं असू दे, माणसाचं असू दे, गुणांची दाटी झाली की वाचणारा थांबतो. थांबला की विचार करतो. आन् विचार करणारा वाचणारा, मास्तर, कुणाच्याच कामाचा न्हाय.

काय म्हणालासा? मधी 'अँड' घालून बघायचं? घालूया. टॉल अँड थिन — बसलं. थिन अँड टॉल — ते बी बसलं. जागा बदलली तरी अर्थ हलत न्हाय, म्हंजे दोघं बरोबरीचं, म्हंजे मधी शेपटी. आन् 'यंग'? 'यंग टॉल मॅन' — न्हाय, दाताखाली खडा आल्यागत होतंय. 'यंग' माणसाला चिकटूनच पायजे, दोघांचं मिळून एकच नाव झालंय, म्हणून त्याच्या आधी शेपटी न्हाय. वाहवा. हे त्या मद्राशालाबी ठाऊक नसणार. — म्हंजे बघा, आमच्या वखारीसारखंच झालं की. गुळाचं रवं, म्हंजे ढेपा, आम्ही एका रांगेत शेजारी-शेजारी मांडतो. इकडचा तिकडं करा, मधला उचला, कायबी बिघडत न्हाय. फक्त दोघांच्या मधी बोटभर फट ठिवायची, हवा खेळाय पायजे, न्हायतर गूळ घामेजतो. ती बोटभर फट म्हंजे तुमची शेपटी. आन् थप्पी लावली — एकावर एक, एकावर एक, छताला टेकंपातूर — की तितं फट चालत न्हाय, तितं क्रम लागतो. खालचा खालीच पायजे. खालचा हलवला की — असो. तुम्ही शिकवलं त्यापरीस हे माझं मला जास्त कळलं.

मग आता व्यापाऱ्यासारखं बोलू. बरोबरीतलं एखादं उचललं तर बाकीचं हलत न्हाय, व्हय न्हवं? मग हे 'सॉफ्ट-स्पोकन' उचला. अहो, हरवलेला माणूस हळू बोलतो का मोठ्यानं, पेपर वाचणाऱ्याला कसं कळायचं? पेपरातनं आवाज येतोय काय? — महादेवीनं सांगून घातलं? घालणारच. बायकोला नवऱ्याचा आवाजच आठवतो. पण हळू बोलणाऱ्या माणसांचा मला जास्त अनुभव हाय, मास्तर. आम्ही कोल्हापूरची माणसं, गल्लीच्या ह्या टोकाला 'काय पावणं' म्हटलं की त्या टोकाला चहाचं आधण ठिवतात. मोठ्यानं बोलणारा भांडतो, आईबहीण काढतो, आन् सांजच्याला पान मागायला परत येतो. हळू बोलणारा भांडत न्हाय. तो अर्ज लिहितो. — कसला अर्ज? आता तोंडातनं गेलंच हाय तर ऐका, तुम्ही घरच्यासारखं. गेल्या साली दारूबंदी आली. तवापासनं काळा गूळ म्हटलं की सरकारच्या कपाळाला आठी, का, तर हातभट्टीला तोच लागतो. लागत असंल. मी गूळ विकतो. घेणारा लाडू वळतो का भट्टी लावतो हे बघायला मी त्याच्या चुलीत जाऊन बसू? सिद्धरामाला हे पटायचं न्हाय. कागलाकडच्या एका वस्तीत भट्टीची पिऊन दोन माणसं आंधळी झाली, त्यातला एक ह्याच्या वर्गातला. तवापासनं ह्याला जेवण जाईना. माझ्यासमोर ताट घेऊन बसायचा आन् म्हणायचा, अण्णा, ते आपल्या वखारीतनं गेलंय. एवढंच. शिवी न्हाय, आदळआपट न्हाय. रोज तेवढंच वाक्य, रोज तेवढ्याच आवाजात. मास्तर, रोज ताटावर बसून कुणी कुजबुजत असलं की चांगला माणूसबी — असो. मग अर्ज लिवला म्हणं दारूबंदीच्या साहेबाला, इंग्रजीत. पाकीट मी बघितलं. म्हंजे, त्याच्या कोटाच्या खिशात होतं. घातलं का न्हाय टपालात, मला काय ठाऊक. — काढलासा 'सॉफ्ट-स्पोकन'? उभी रेघ नको, आडवी मारा, वाचता येणार न्हाय अशी.

आता हे दुसरं वाक्य. 'अ लाँग, शायनी बर्न मार्क', उजव्या हातावर. लाँग, मग शेपटी, मग शायनी — बरोबरीचं. 'बर्न मार्क' जोडीनं. बघा, शिकलो का न्हाय? लांब, चकचकीत भाजल्याचा डाग. हा डाग कसा पडला ठाऊक हाय? तो सात वर्सांचा, मी सतरा. आमच्या मळ्यात गुऱ्हाळ चाललतं, काहिलीतला रस उकळून वर आलता, आन् ह्याला तो फेस धरून बघायचा होता. कोपरापातूर हात गेला. अव्वा, आमची आई शांतव्वा, किंचाळून खालीच बसली. मी त्याला पाठुंगळी घेतला आन् पळत सुटलो, कागलच्या अलीकडनं कोल्हापूर, दहा-अकरा मैल, ऊन डोक्यावर. रडला न्हाय हो. कानाशी तोंड आणून म्हणायचा, अण्णा, दमलास काय. पुन्हा पाव मैलानं, अण्णा, दमलास काय. पोळलेला तो, आन् विचारतोय मला. — न्हाय, धूर गेला डोळ्यात, चहावाल्यानं ओली लाकडं घातली असतील. — ते वाक्यबी काढा. अख्खं. का म्हंजे? डागानं त्याची ओळख पटावी हे मला आवडत न्हाय. माझा भाऊ हाय तो, हरवलेलं जनावर न्हाय खुणा सांगायला.

मग राहिलं काय, म्हणतासा? राहिलं की. उंच, सडपातळ तरुण. टॉल, थिन यंग मॅन. मधी शेपटी एकच, कशी देखणी दिसती बघा. — असं हजार असतील? असू देत. हजारात एक तो बी असंल. हजार माणसांना लोक निरखून बघतील, पुण्य लागंल. — हे बघा मास्तर, तुम्ही त्या जोतीरामाला विचारायचं म्हणतासा, विचारा की, मी कुठं हात धरलाय. जोतीराम आमचा गाडीवान. त्यानंच सिद्धरामाला कागलला सोडला, तितनं बंगलोरची मोटार. असं त्यानं महादेवीलाबी सांगितलंय, माझ्यासमोर सांगितलंय. पण आता तो कोल्हापुरात न्हाय. आजऱ्याला असतो, काजूच्या बागेत राखण करायला. मीच लावून दिलं. गाडी हाकून हाकून कंबर गेलती त्याची, म्हटलं आता सावलीत बस. आजरा लांब हाय, वाट जंगलाची, तुम्ही एकटं जाऊ नका. काळजीनं सांगतो. — मला माणसांची काळजी लागते, मास्तर, सवय हाय. तुमची पोरगी नंदिनी, हायस्कुलात जाती न्हवं? मी रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला असतो, तवा दिसती. दोन वेण्या. पायरीवर वाकून माशांना चुरमुरं टाकती. एकदा मी म्हटलं, पोरी, शेवाळ हाय, मागं सर. तर म्हणाली, मला पोहता येतं. चुणचुणीत हाय. पण खरंच येतं का तिला? — न्हाय न्हवं? सांगा मग तिला. पोरीबाळींनी शिकलेलं नसताना शिकलोय म्हणू नये. तुम्ही चहा घेईना झालासा. थंड झाला की गुळाचा चहा तुरट लागतो.

लिहा, लिहा, दुसऱ्या कागदावर सुवाच्य लिहा, मी बोलतोय तिकडं ध्यान देऊ नका. माझं तोंड चालूच असतं. — काय? वखारीला नवं कुलूप? येताना दिसलं व्हय. नजर बारीक हाय तुमची. तितं थप्पी कोसळलती, म्हणून बंद ठिवलीया, नीट लावून घेईपातूर. न्हाय, आत्ता न्हाय, पूर्वीची गोष्ट, वडलांच्या वेळची. कुलूप नवं म्हंजे — जुनं गंजलं. — लोकांना वाटतं थप्पी कोसळली की धडाडधूम होत असंल. न्हाय हो. ओली माती बसावी तसा आवाज होतो, भस्स. शेजारच्या पेढीवर ऐकायबी जात न्हाय. वडलांच्या वेळी असाच एक हमाल दबला. पुढच्या रांगा पिवळ्या गुळाच्या, आन् काळा रवा समद्यात खाली, मागं. हा गडी दुपारचा, समदी जेवायला गेल्यावर आत शिरला आन् खालचा रवा ओढायला लागला. गुळात जन्म गेलेला माणूस असं करंल काय? वरनं उतरवत यायचं असतंय, दोन वर्सांच्या पोराला कळतं. पण ह्याला घाई. एक काळा रवा नेऊन दाखवायचा होता. — कुणाला? कुणाला म्हंजे — हमालाला कुणाला दाखवायचा असणार. दाखवायचा असंल कुणाला तरी. आपण काय त्याच्या मनात गेलतो? आन् थप्पी आली खाली. छातीपातूर गाडला. तोंड मोकळं होतं. बोलत होता — हळू. — समदीच हळू बोलतात हो, मास्तर, छातीवर वीस रवं असल्यावर! तुम्ही मधी मधी नका विचारू, माझं बोलणं तुटतं. उपसायला एकट्याचं काम न्हाय, चार हमाल पायजेत. हमाल बोलवायचं तर ती खालचा काळा माल बघणार, दहा तोंडांनी गावभर होणार, ठाण्यातनं माणसं येणार. म्हणून जरा थांबावं, अंदाज घ्यावा, म्हटलं आधी काळा माल तेवढा मागच्या दारानं — आन् थांबता थांबता — दोन घटका काय, कळतबी न्हाईत कशा जातात. मग तो बोलायचा थांबला.

काय? — वडलांच्या वेळी काळ्या गुळाला कोण विचारत होतं, म्हणतासा? दारूबंदी तर आत्ताची.

तुम्ही मास्तर झालासा ते बरं झालं. व्यापारात असतासा तर आमच्या सगळ्या पेढ्या उठवल्या असत्या.

आणा तो कागद. सही करून टाकतो, उगाच वेळ चाललाय तुमचा. टाक दौतीत बुडवा बघू — हां. महा — लिंग. झालं. कर्त्या पुरुषाची सही. घ्या, सुकू द्या, शाई पसरंल. आता ह्या कागदाला कुणी अडवणार न्हाय. सुटलासा तुम्ही, सुटलो मी, महादेवीचंबी समाधान. — हे काय, सहीच्या वर आणखी एक वाक्य हाय की. हे मघाशी कसं दिसलं न्हाय? 'अ वर्न, डेंटेड सिल्व्हर केस'. झिजलेली, चेपलेली चांदीची डबी. वर्न, शेपटी, डेंटेड, आन् 'सिल्व्हर' डबीला चिकटून. बरोबर हाय, तुमची शेपटी कधी चुकायची न्हाय. — हे असू द्या. हे काढा असं मी म्हणायचा न्हाय. देवाची वस्तू हाय. आम्हा लिंगायतांत प्रत्येकाच्या अंगावर ही डबी, आत इष्टलिंग, बारशापासनं. ही अव्वानं त्याच्या गळ्यात बांधलेली. चेपली ती त्या गुऱ्हाळाच्या दिवशीच, माझ्या पाठीवर, पळताना. असू द्या ती. पण हे पुढं लिवलंय ते चूक हाय हां. 'अराउंड हिज नेक'. गळ्यात न्हाय. डबी रिकामी हाय, लिंग डाव्या तळहातावर, वर उजवा हात —

पूजेच्या वेळचं सांगतोय. रोज सकाळी आंघोळ झाली की डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, बेल वाहायचा. तुम्हा लोकांना ठाऊक नसतंय म्हणून सांगितलं. पूजा झाली की परत डबीत, डबी परत गळ्यात. जिता माणूस ते अंगावेगळं करत न्हाय, घटकाभरबी न्हाय. हातात ठिवायचं ते फक्त पूजेला. आन् — फक्त पूजेला. — असं बघू नका. आन् माणूस गेल्यावर, व्हय, तवाबी. आमच्यात जाळत न्हाईत. मांडी घालून बसवतात, खड्ड्यात कोनाडा करून, जिता असल्यागत, आन् लिंग हातात देतात. ते कुणीबी सांगंल, त्यात माझं काय. मी पूजेचं बोललो. तुम्ही ते — मास्तर, तुम्ही लिहून घेतलंसा? मी बोललो तसं? कुठं, बघू. 'इन हिज लेफ्ट हँड'. सहीच्या वर. माझ्या सहीच्या वर. खोडा ते. खोडा म्हणतो की. — उठला कशाला? कागद ठेवा हितं. ठेवा खाली. शाई ओली हाय अजून. मास्तर, मी तुम्हाला चांगल्या शब्दांत सांगतोय, अजून चांगल्याच शब्दांत सांगतोय. तुम्हाला घर हाय, पोर हाय, ह्या गावात तुम्हाला पंचवीस वर्सं काढायची हायत. ही बाई तुमची कोण? नात्याची न्हाय, गोत्याची न्हाय. तिच्या एका कागदापायी — मास्तर! पायरीवर जपून. अहो, भर बाजारात मला ओरडायला लावू नका, समदी बघाय लागलीत. — मी ओरडत न्हाय. हे बघा, मी हळू बोलतोय. जरा अलीकडं या. या की. एवढं ऐका. तिला वाटत असंल तो कुठंतरी रस्त्याकडंला पडला असंल, कुत्र्यामांजरानं — तसं न्हाय. तेवढं तिला सांगा. मळ्यातच हाय तो, अव्वाच्या समाधीशेजारी. जोतीरामानं खणलं, बाकीचं मी केलं. विधीला जंगम बोलवता आला न्हाय, पण विभूती लावली, बेल वाहिला, मांडी घालून बसवला, तोंड उत्तरंला केलं. हाताची बोटं मिटत न्हवती, ती मी धरून बसलतो, मिटंपातूर. दिवस उगवला तरी धरून बसलतो. एवढं सांगा तिला, म्हणावं नीट बसवलाय —

न्हाय. काय सांगू नका. जावा तुम्ही.